कामापुरतं इंग्रजी

साहेब माझ्या शेजारच्या सीटवर. मागं त्यांचे पाहुणे. मी चालवत होतो, जीप धरणाच्या कडेकडेनं वळणं घेत वर चाललेली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मागं वळले आणि म्हणाले, "आता गंमत बघा हं."

एवढंच मराठीत. पुढचं सगळं इंग्रजीत. लांबलचक बोलले. बोलताना माझा खांदा थोपटत होते, बैलाला थोपटतात तसा. पाहुणे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मग साहेब हसले.

म्हणून मी हसलो.

आणि माझं हसणं म्हणजे काय चीज आहे, ते आधी ऐका. वस्तीच्या जत्रेत राक्षसाचं सोंग माझ्याकडं असतं. मी हसलो की समोरच्या टेकावरची कुत्री भुंकायला लागतात. तसा हसलो. मान मागं टाकून, सगळे दात दाखवून. त्यावर पाहुणे असे फुटले, की एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, काय रंग भरलाय! आणखी एक हसू काढून दिलं.

सगळ्यात मागं, पिशव्यांच्या ढिगात, माझी थोरली बसली होती. कोमल. तेव्हा बारावीला. वेल्ह्याला शाळा सुटली की माझ्याच गाडीनं घरी यायची. आरशात तिचं तोंड दिसलं. ती हसत नव्हती. दरीकडं घसरणाऱ्या वासराकडं बघावं, तशी माझ्याकडं बघत होती.

घरी आल्यावर म्हणाली, "आबा, तुमी का हसला?"

"सगळी हसली म्हणून."

"ते काय म्हणाले, कळलं का?"

"आगं, पावणं एवढं हसलं म्हंजी चांगलंच म्हनलं असत्याल की."

ती दप्तर घेऊन आत गेली. मी पिच्छा सोडीना. शेवटी संध्याकाळी मी म्हशीची धार काढत होतो, तेव्हा ती म्हशीच्या पलीकडं जाऊन उभी राहिली आणि तिथून, तोंड न दाखवता, तिनं सांगितलं. साहेब म्हणाले होते, याच्यापेक्षा कुत्रं बरं. कुत्र्याला शिवी दिली तर निदान गुरगुरतं. याला तोंडावर काहीही म्हणा, हा हसतो. आता हे जे बोलतोय ना, त्यालासुद्धा हसेल. बघा.

आणि मी हसलो होतो. दोनदा.

म्हशीनं लाथ झाडली. चरवी लवंडली. दूध शेणात गेलं. मी हललो नाही.

राग आला असं म्हटलं तर शोभून दिसेल. पण आला नाही. भीती वाटली. उभी हयात मी नसरापूर-वेल्हे वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप चालवली. गड बघायला येणारी माणसं, धरणावर प्लॉट बघायला येणारी माणसं, सगळी मागं बसून इंग्रजीत बोलायची. आणि मी हसायचो. आता एकेक हसू आठवायला लागलं. त्या चष्मेवाल्यानं काय म्हटलं होतं? त्या बाईनं नाकाला रुमाल लावून काय म्हटलं होतं? माझ्याच गाडीत, माझ्याच पाठीमागं, माझ्याबद्दल किती बोलून झालं असेल, आणि मी दरवेळी टाळी दिली असेल!

पुढं पुढं गाडीत कुणी "एक्सक्यूज मी" म्हटलं तरी मी आधी आरशात त्याचं तोंड बघायचो. हसावं की नको? हसलो तर कुत्रं. नाही हसलो तर साहेब विचारणार, काय राजे, माज आला का? मग मी मधलं एक तोंड शोधून काढलं. अर्धं हसू. आरशासमोर बसून सराव केला. बायको चहा घेऊन आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दाढ दुखतीया का?"

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा राक्षस, मग साहेबाला उलट का बोलला नाहीस? एक तर वस्तीखालची सगळी जमीन साहेबांनी रिसॉर्ट बांधायला घेतलेली. आमची गुरं पाण्यावर जायची वाट त्या जमिनीतून. पणज्याच्या आधीपासूनची वाट. पण ती आमच्या पायाखाली आहे, सातबाऱ्यावर नाही. शिवाय माझी निम्मी भाडी त्यांचीच.

आणि दुसरं कारण. ते ऐकून हसाल, पण ऐका. आम्ही डोंगरातले धनगर. आमच्यात घरी खुर्ची नसेल, घोंगडी असतेच. आलेल्याला घोंगडी अंथरायची. घोंगडीवर बसला, तो पाहुणा. आणि पाहुणा घोंगडीवर आहे तोवर त्याला "न्हाई" म्हणायचं नाही, आवाज चढवायचा नाही. वैरी असला तरी. भांडण काढायचं तर तो उठल्यावर. आता माझी अक्कल बघा. जीपची पुढची सीट फाटलेली, स्प्रिंग टोचायची. साहेब पहिल्यांदा बसले तेव्हा मी तिच्यावर घोंगडी टाकली. झालं! भाडं देऊन बसलेला माणूस माझा पाहुणा झाला. नसरापूरच्या स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणायचे, "आमच्या गाडीत पाशिंजर बसत्यात, ह्याच्या गाडीत सोयरं!" खरंच होतं. साहेब बसले की माझं तोंड शिवलं जायचं.

कोमलची बारावी झाली. एक दिवस म्हणाली, "आबा, मी भोरच्या कॉलेजात जानार. इंग्लिश लिटरेचर घेनार."

"म्हंजी काय?"

"गोष्टी, कविता, नाटकं. इंग्रजीतली."

बायको म्हणाली, "गोष्टी? त्या तर तुझा बाप रोज सांगतोय. त्याला कुनी पगार दिला का?"

ज्या भाषेनं मला कुत्रं केलं, ती भाषा माझ्या घरात राहायला येणार. पोरगीही उद्या तसंच बोलायला लागली तर? माझ्या पाठीमागं बसून? पण तिच्या बोलण्यात नाटक हा शब्द आला होता, आणि नाटक म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. उत्रोलीला माझी बहीण असते. तिच्याकडं कोमलची सोय लावली. तिथून भोरचं कॉलेज जवळ.

दर शनिवारी मी तिला आणायला जायचो. येताना ती शेजारी बसायची आणि आठवडाभर जे वाचलं ते मराठीत सांगायची. मला वाटलं होतं, राजाराणीचं काही असेल. एका शनिवारी तिनं सांगितलं ती गोष्ट एका घोडागाडीवाल्याची होती. तो पुढं बसून गाडी हाकतोय. मागं मालक आणि मालकीण. ते त्याच्याबद्दलच बोलतायत. त्याच्या कपड्यांच्या वासाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल. तो आहे हे त्यांच्या ध्यानातच नाही. आणि गोष्ट लिहिणारा मालकाजवळ नाही, गाडीवाल्याजवळ बसलाय. गाडीवाल्याच्या मानेवर घाम कसा उतरतो, ते लिहितोय.

मी किकवीच्या अलीकडं गाडी कडेला घेतली. हायवेवरून ट्रक सुसाट चाललेले. जीप हलत होती.

"मंग? त्यानं काय केलं?"

"काय न्हाई. मुक्कामाला पोचल्यावर उतरला, दार उघडलं, टोपी काढली, वाकला. संपली."

"संपली? ही काय गोष्ट झाली? चाबूक व्हता ना त्याच्या हातात? का न्हाई हाणला?"

"सरांनी तेच विचारलं वर्गात. म्हणाले, त्यानं का हाणला नाही, ते लिहून आणा."

"तू काय लिवलंस?"

तिनं पिशवीची चेन लावली. मग म्हणाली, "तुमच्यावर लिवलं, आबा."

"काय लिवलं?"

"की त्याला भीती वाटत व्हती."

बास. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि कुठल्या तरी लांबच्या मुलखातल्या गाडीवाल्याची गोष्ट वाचून माझ्या पोरीनं माझं पोट उघडून बघितलं होतं. लाज वाटली. आणि लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी. एवढी वर्षं मला वाटायचं, त्या लोकांच्या भाषेत फक्त त्यांचंच बोलणं असतं. तसं नव्हतं. त्यांच्याच भाषेत, त्यांच्यातल्याच कुणीतरी, त्यांची चोरी लिहून ठेवली होती. आणि ती वाचायला माझी पोरगी बसली होती.

पहिलं वर्ष संपलं. उन्हाळा लागला. साहेबांचं रिसॉर्ट जवळजवळ उभं राहिलं होतं. एका सकाळी साहेब स्वतः वस्तीवर आले. आजवर कधी आले नव्हते. सोबत एक बाई, रिसॉर्टच्या मॅनेजर होणाऱ्या. माझ्या हातांनी सवयीनं घोंगडी अंथरली. दोघं बसले.

"काय राजे! पोरगी कॉलेजात घातलीस म्हणे. काय शिकते?"

"इंग्रजी साहित्य."

"भोरला?" साहेब हसले. बाईही हसल्या. "अरे, साहित्य घेऊन काय करणार ती? साहित्यानं पोट भरतं का? कॉलेज सोडू दे. माझ्याकडं पाठव. कामापुरतं इंग्रजी आम्ही शिकवतो. गुड मॉर्निंग, वेलकम, प्लीज, सॉरी. बास. पुढच्या महिन्यापासून पगार सुरू."

"इचार करतो, साहेब."

"त्यात विचार कसला? तुमची गुरं माझ्या जमिनीतून रोज जातात. मी कधी विचार करत बसलो का?"

प्रेमानं म्हणाले. अगदी प्रेमानं.

मग ते बाईंकडं वळले आणि इंग्रजी सुरू झालं. कोमल चुलीपाशी चहा गाळत होती, दोन हातांवर. तिच्या देखत बोलत होते. भोरच्या कॉलेजातलं इंग्रजी ते काय असणार, असं त्यांना वाटलं असेल. कोमलनं पातेलं खाली ठेवलं आणि तिच्या आईला मोठ्यानं म्हणाली, "आई, साहेब म्हणतायत, पोरगी दिसायला बरी आहे. नऊवारी नेसवू, दारात उभी करू. पावण्यांना अस्सल डोंगरातली म्हणून दाखवता येईल."

साहेब थांबले. बाईंना पुन्हा काहीतरी पुटपुटले.

"आता म्हणतायत, हिला कळतंय वाटतं."

बाईंनी साहेबांच्या हाताला हात लावला.

"बाई म्हणतायत, हळू बोला."

माझी बायको पदरानं हात पुसत म्हणाली, "बोला की हळू. आमाला काय, कोमल सांगतीयाच."

साहेबांचं तोंड लाल झालं होतं. "फार शहाणी झालीय पोरगी. राजे, आत्ताच्या आत्ता सांग. पाठवतोस की नाही?"

सगळं माझ्यावर आलं. कोमल बघतेय. बायको बघतेय. खाली पाण्याकडं निघालेल्या गुरांच्या घंटा वाजतायत. आणि साहेब घोंगडीवर. घोंगडीवरच्या माणसाला "न्हाई" म्हणायचं नाही. माझ्या बापानं, आज्यानं म्हटलं नाही. तोंड उघडलं की साताजन्माचा शाप, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि तोंड उघडलं नाही तर पोरगी नऊवारी नेसून दारात उभी. मला दोन्हीची भीती वाटत होती.

मग जत्रेतलं सोंगच मदतीला आलं. मी डोळे मोठे केले, घोंगडीकडं बोट दाखवलं आणि म्हणालो, "साहेब, जरा उठता का? गोचीड दिसली."

काय उडाले दोघं! बाई तर थेट अंगणाबाहेर. मी घोंगडी उचलली, झटकली, घडी घातली, काखेत मारली. गोचीड नव्हती.

"आता तुमी पावणं न्हाई," मी म्हणालो. "आता सांगतो. पोरगी येनार न्हाई."

राक्षसाचा आवाज ऐनवेळी पळून गेला. करडू ओरडावं तसा आवाज निघाला. पण निघाला.

"कामापुरतं म्हंजी कुनाच्या कामापुरतं, साहेब? तुमच्याच ना? ती सगळं शिकंल. तुमच्या कामाचं न्हाई तेच आदी शिकंल. त्या दिवशी जीपमधी मला तुमी कुत्रं म्हनला. मी हसलो. ते मला म्हाईत हाय आता."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठल्या दिवशी?"

त्यांना आठवतच नव्हतं. मला त्या दिवसानं जेवू दिलं नव्हतं, आणि त्यांना तो दिवस आठवतही नव्हता. तेव्हा कुठं, पहिल्यांदा, माझ्या भीतीच्या शेजारी राग येऊन बसला.

"वाट विसरा आता," साहेब म्हणाले. या वेळी मराठीत. गाडीत बसले आणि गेले.

बायको जवळ आली. म्हणाली, "गोचीड कुठाय?"

"गेली."

इथं गोष्ट संपवली तर टाळ्या पडतील. पण हे सोंग नाही. आठवडा संपायच्या आत कुंपणाची तार आली. खांब आले. वाट बंद झाली. गुरांना आता कड्याच्या अंगानं वळसा घालून पाण्यावर न्यावं लागतं. शेजाऱ्याची गाभण गाय त्या वळशावर घसरली, तिचा पाय मोडला. शेजारी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "तुझ्या पोरीनं गोष्टी वाचायच्या, आनि आमच्या गाईनं मरायचं व्हय रं?" साहेबांची भाडी बंद झाली. नसरापूरच्या स्टँडवर सोयऱ्यांचा विनोद कुणी करत नाही. साहेबांचा रोष नको म्हणून माझ्या गाडीत बसायलाच लोक कचरतात. वाटेसाठी मामलेदार कचेरीत अर्ज दिलाय. तारीख पडते, पुढं जाते. पाणी भरायला जाणाऱ्या बायका माझ्या बायकोशी बोलत नाहीत. वस्ती माझी, माणसं माझी, आणि आता मला त्यांचीही भीती वाटते.

कोमल एकदा म्हणाली, "आबा, मी ऱ्हाऊ का घरी?" मी गुरं सोडायला उठलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी "ऱ्हा" हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता.

जून उजाडला. दुसऱ्या वर्षाला तिला स्पेशल इंग्लिश घ्यायचं होतं. मी तिला भोरला घेऊन गेलो. कॉलेजच्या फाटकाशी जीप लावली. ती उतरली, पिशवी खांद्यावर टाकली, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. साहेब.

"काय राजे, आली का अक्कल? सगळी वस्ती तुला शिव्या घालतेय म्हणे. हे बघ, मी वाईट माणूस नाही. पोरीला पाठव. तार आजच काढतो."

कोमल थांबली. माझ्या तोंडावरून तिला कळलं कोण आहे ते. पोरं फाटकातून आत चाललेली, तिला धक्के देत. मला शेजाऱ्याची गाय दिसत होती. घागर घेऊन एकटीच निघालेली बायको दिसत होती. एक शब्द बोलायचा होता. एका शब्दात वाट उघडणार होती, वस्ती उघडणार होती.

"तार ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

"काय?"

"तार ऱ्हाऊ द्या, साहेब. पोरगी शिकतीया."

मी फोन ठेवला. हात एवढा थरथरत होता की मोबाईल खिशात जाईना. कोमलनं तो माझ्या हातातून घेतला, माझ्या खिशात घातला.

"जा आत," मी म्हणालो.

फाटकावरचा शिपाई हे सगळं बघत होता. ओळखीचा नव्हता. म्हणाला, "हे लिटरेचर करून नोकरी लागते का हो?"

"म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

खरंच माहीत नाही. मला भीती वाटते, हे सांगून ठेवतो. उद्याही वाटेल. साहेब आणखी काय काय अडवतील, माहीत नाही. गुरं कमी करावी लागली तर करू. जीप विकावी लागली तर विकू. पण तिच्या शिकण्याचा सौदा होणार नाही. साहेबाशी नाही, वस्तीशी नाही, आणि माझ्या थरथरणाऱ्या हातांशीही नाही.